सारख्या किमतीचे दोन फोन

घरी घ्यावयाच्या वस्तूंविषयीचे हे सदर सुरू झाल्यापासून वाचकांची जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोकावतो : ‘हा फोन घ्यावा की तो?’ गंमत अशी की, या प्रश्नात फोन नेहमी दोनच असतात. बाजारात शेकडो प्रकार मांडलेले असले, तरी आठ दिवस विचार करून आणि चार ओळखीच्यांना विचारून मनुष्य अखेर दोहोंवर येऊन ठेपतो व तेथेच अडतो. त्या दोहोंची किंमत सारखी असली, म्हणजे तर पंचाईत अधिकच. महाग-स्वस्ताचा निवाडा खिसाच करून टाकतो. सारख्या किमतीत मात्र बुद्धीला काम पडते.

अशा पत्रांना मी आजवर मोघम उत्तरे देत आलो, हे कबूल केले पाहिजे. माझा व्यवसाय भाषांतराचा आणि संपादनाचा. यंत्राशी संबंध कळफलकापुरता. परंतु २०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास चार दिवसांची रजा काढून लखनौस मावशीकडे गेलो असता हाच प्रश्न थेट अंगावर आला, आणि तो सोडविण्यात रजेतील तीन दिवस खर्ची पडले. त्या तीन दिवसांची हकीकत आज सांगतो. पुढे दोन कंपन्यांची नावे येतील ती केवळ उदाहरणादाखल. हे मासिक कोणत्याही मालाची शिफारस करीत नाही. शिवाय फोनांचे नमुने वर्षाला बदलतात. त्यानंतरही नवे येऊन गेले आहेत. तेव्हा वाचकांनी नमुन्यांची नावे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. निवड कशी झाली, एवढेच पाहावे.

मावशी लग्न होऊन १९८० साली लखनौस आली. काका मानकनगर येथील रेल्वेच्या संशोधन संस्थेत, म्हणजे सर्वजण जिला आरडीएसओ म्हणतात तेथे, अभियंता होते. लखनौ आणि मराठी माणूस यांचा संबंध संगीतामुळे जुनाच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय निघाले, आणि पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. कैसरबागेतील त्या जुन्या वास्तूत मावशी संसार सांभाळून गाणे शिकली आणि नंतर एका सरकारी शाळेत तिने बावीस वर्षे गाणे शिकविले. आता काका नाहीत, मुलगा पुण्यास नोकरीला आहे. अडुसष्टाव्या वर्षी ती इंदिरानगरातील घरात एकटी राहते. सकाळी तीन-चार मुली शिकावयास येतात. तंबोरा कोपऱ्यात उभा असतो, पण बोटांच्या सांध्यांमुळे तो फार वेळ छेडणे तिला जमत नाही. म्हणून ती फोनवर तंबोरा लावते आणि काकांच्या जुन्या ध्वनिवर्धकाला तो तारेने जोडते. या तारेचे महत्त्व पुढे येईल.

आता मूळ अडचण. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो संगणकाद्वारे देण्याची ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू केली. आरंभी तिच्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळे टिपणारे वेगळे उपकरण लागत असे. नोव्हेंबर २०२१ पासून साध्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येऊ लागला. २०२२ आणि २०२३ या दोन्ही साली मावशीने तो घरातल्या खुर्चीवर बसून दिला व त्याचे तिला मोठे अप्रूप वाटले. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र फोनने नकार दिला. तो काही मोडलेला नव्हता. २०१७ साली घेतलेला, काचेला एक चरा नाही, आवाज स्वच्छ. परंतु त्याच्या आतील प्रणाली जुनी होऊन गेली होती, आणि नवे अ‍ॅप तिच्यावर चालावयास तयार नव्हते. त्याच महिन्यात बँकेच्या अ‍ॅपनेही तोच पाढा वाचला. मावशी शेजारणीला बरोबर घेऊन बँकेत गेली, दोन तास बसली व दाखला देऊन आली.

हे पुण्यास कळताच मुलाने फोन करून सांगितले, “आई, बँकेचे सारे आता मी इथून पाहतो. तुला एक साधा बटणांचा फोन पाठवून देतो. हल्ली फसवणूक किती होते, तू वाचतेस ना?”

त्याचे म्हणणे गैर नव्हते. वृद्ध माणसांना फोनवरून लुबाडल्याच्या बातम्या आपण सारेच वाचतो. पण मावशीला ते लागले. मी गेलो त्या रात्री जेवताना ती म्हणाली, “बावीस वर्षे शाळेतल्या फीचा हिशेब मी ठेवला, पैचीही चूक नाही. आणि आता माझ्या दुधाचे पैसे त्याने पुण्याहून द्यायचे?”

मी काही बोललो नाही. ताटावरून उठल्यावर तिने दिनदर्शिकेचे एक पाठकोरे पान माझ्यापुढे ठेवले. त्यावर दोन रकाने पाडलेले होते.

पहिल्या रकान्यात सॅमसंगचा ‘गॅलेक्सी ए-१६’ होता. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात आला. दुसऱ्यात शाओमी कंपनीचा ‘रेडमी नोट-१४’. तो डिसेंबर २०२४ मधला. दोन्ही फाइव्ह-जी, आणि सुरुवातीच्या प्रकाराची जाहीर किंमत दोन्हींची एकच : १८,९९९ रुपये. दोन्हींच्या पोटातील मुख्य चिपही तैवानच्या एकाच मीडियाटेक कंपनीची, फक्त श्रेणी निराळी. ही माहिती शेजारणीच्या नातवाने आणून दिली होती. हा मुलगा लखनौ विद्यापीठात बी.एस्सी.च्या वर्गात होता आणि त्यालाही फोन घ्यावयाचा होता. ‘दादी’ म्हणून तो मावशीच्या घरी दिवसातून दोनदा येऊन जाई. त्याचे मत झालेलेच होते : रेडमी.

रकाने वाचून कोणीही तेच म्हटले असते. रेडमीचा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र पालटू शकतो, तर दुसऱ्याचा ९० वेळा. त्याची बॅटरी ४५ वॉटने भरते व भरण्याचे साधन खोक्यातच मिळते. सॅमसंगची २५ वॉटने भरते व चार्जर वेगळा विकत घ्यावा लागतो. दोघांचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा. परंतु हात किंचित हलला तरी चित्र स्थिर राहावे, अशी भिंगाची योजना फक्त रेडमीत आहे. धूळ-पाण्याच्या बाबतीतही तो एक पायरी वर. आणि मावशीच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला कानयंत्राची तार खुपसावयाचे जुने गोल छिद्र होते. दुसऱ्याला ते नव्हते. सॅमसंगच्या बाजूने काय? एकाच किमतीत कार्यस्मृती ६ ऐवजी ८ जीबी, आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, एक ओळ : ‘सुरक्षा अपडेट – ६ वर्षे’. तिच्यासमोर रेडमीच्या रकान्यात ‘४ वर्षे’.

यांतील काही आकड्यांचा अर्थ मला त्या रात्री वाचून समजून घ्यावा लागला, तो वाचकांच्या उपयोगाचा आहे. धूळ-पाण्याच्या बचावाचा जो क्रमांक असतो (येथे ‘आयपी ५४’ आणि ‘आयपी ६४’) तो चोपन्न, चौसष्ट असा वाचावयाचा नसतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीच्या बाबतीत ५ म्हणजे अपाय होईल इतकी धूळ आत जात नाही, ६ म्हणजे मुळीच जात नाही. पाण्याचा ४ दोघांसही सारखा. त्याचा अर्थ शिंतोडे उडाले तरी चालेल एवढाच, बादलीत पडला तर नव्हे. ५० मेगापिक्सेलचेही तसेच. असा कॅमेरा नेहमीचे चित्र काढताना शेजारशेजारचे चार बिंदू एकत्र करून एक करतो, म्हणजे हाती येणारे चित्र साडेबारा मेगापिक्सेलचे असते. त्यात फसवणूक नाही. अंधारात त्यामुळे चित्र बरे येते. पण आकडा पाहून चौपट तपशिलाची आशा धरली, तर निराशा होईल. कार्यस्मृतीच्या आकड्यापुढे ‘अधिक आठ’ असे जे जाहिरातीत जोडलेले असते, ती साठवणुकीतील जागा उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या कार्यस्मृतीइतकी चपळ नसते.

जाता जाता भाषांतरकार म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. यंत्रांच्या जाहिरातींची भाषांतरे तपासताना जो शब्द नवशिक्यांच्या हातून नेमका गळतो, तो म्हणजे ‘पर्यंत’. ‘इतक्या तासांपर्यंत’, ‘इतक्या टक्क्यांपर्यंत’. शब्द लहान, पण कंपनीचा सारा वकील त्यात बसलेला असतो. फोनचा कागद वाचताना पेन्सिलीने या शब्दाखाली रेघ ओढावी. पान पुष्कळ निराळे दिसू लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली गाऊन गेल्यावर आम्ही पुन्हा ते पान घेऊन बसलो. माझाही कल आता रेडमीकडे झाला होता. तार आहे, चार्जर आहे, मावशीचा हात थोडा कापतो म्हणून स्थिर चित्राची सोय आहे. आणखी काय पाहिजे? मावशी चष्मा पुसत म्हणाली, “थांब जरा. यांतले काय काय मागाहून विकत मिळते, ते मला सांग.”

असा प्रश्न मला सुचला नसता. आम्ही एकेक ओळ घेऊ लागलो. चार्जर बाजारात मिळतो. तारेसाठी जोडणीचा तुकडा मिळतो. स्थिर चित्राची योजना मागाहून मिळत नाही. पण मावशी चित्रे काढते ती मुख्यतः स्वरलिपीच्या वहीची, मुलींना पाठविण्यासाठी, आणि वही मेजावर ठेवून फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकविला की काम भागते. सेकंदाला १२० की ९०, हे तिला डोळ्यांनी कळणार नव्हते. बॅटरी तासाभरात भरो की दीड तासात, ती रात्री भरणार. राहिली शेवटची ओळ. चार वर्षांची सहा वर्षे कोणत्या दुकानात करून मिळतात? कोठेच नाही.

येथे ‘सुरक्षा अपडेट’ म्हणजे काय, याचा थोडा खुलासा करावयास हवा; कारण विकत घेताना याची चौकशी फार थोडे लोक करतात. मावशीच्या कपाटात काकांच्या वडिलांचा एक मर्फी रेडिओ अजून आहे. त्या काळीही घरोघर वाद होतच : मर्फी घ्यावा की फिलिप्स? पण एकदा रेडिओ घरी आणला की कंपनीचा आणि आपला संबंध संपला. तो वाजे तोवर वाजे. बिघडला तर कोपऱ्यावरचा कारागीर होता. कारखानदाराने दरमहा काही पाठविल्याविना रेडिओ धोक्याचा होतो, असे नव्हते. फोनचे नेमके तसे आहे. त्याच्या प्रणालीत लक्षावधी ओळींच्या आज्ञा असतात, आणि त्यांत चुका राहतातच. चूक कोणाच्या तरी ध्यानात येते. कधी ती सज्जनाच्या येते, कधी चोराच्या. २०१५ च्या उन्हाळ्यात अँड्रॉइड प्रणालीतील ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष उघडकीस आला. एखाद्या संदेशातून आलेल्या चित्रफितीच्या द्वारे, मालकाने ती उघडली नसतानाही, फोनचा ताबा घेता येईल, असा तो दोष होता. तेव्हापासून गूगल दर महिन्यास सापडलेल्या दोषांची यादी व त्यांवरील डागडुजी प्रसिद्ध करू लागले. पण ही डागडुजी गूगलकडून थेट आपल्या फोनात येतेच असे नाही. चिप बनविणाऱ्याने आपला भाग दुरुस्त करावयाचा, फोन बनविणाऱ्याने ती त्या त्या नमुन्यास बसवावयाची, तपासावयाची व मग धाडावयाची. प्रत्येक नमुन्यासाठी हे काम निराळे, आणि त्याचा खर्च कंपनीचा. म्हणून कंपनी आधीच मुदत ठरविते. ती मुदत सरली की फोन चालतो, बोलतो, गातो. मात्र त्याच्या भिंतीला पडलेली भोके बुजविणारा गवंडी येईनासा होतो. काही काळाने बँका आणि सरकारी अ‍ॅप अशा घरात पाऊल टाकणे बंद करतात. मावशीच्या जुन्या फोनचे हेच झाले होते.

या मुदतीविषयी दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, ती मोजली जाते फोन बाजारात आल्यापासून. आपण घेतल्यापासून नव्हे. दिवाळीच्या विक्रीत दोन वर्षांपूर्वीचा नमुना निम्म्या किमतीत मिळाला, तर त्याची दोन वर्षे आधीच खर्च झालेली असतात. मावशीच्या हिशेबात एक फोन २०२८ च्या अखेरीस थांबणार होता, दुसरा २०३० च्या ऑक्टोबराच्या सुमारास. पहिल्या वेळी ती बहात्तर वर्षांची होणार, दुसऱ्या वेळी चौऱ्याहत्तर. नव्या फोनची नवी बटणे पुन्हा पहिल्यापासून शिकण्याची दगदग दोन वर्षे पुढे ढकलणे, याला तिच्या वयात जी किंमत आहे, ती माझ्या वयात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या’ व ‘सुरक्षा अपडेट’ ही दोन निराळी आश्वासने असतात. रेडमीच्या त्या नमुन्यास दोन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा, सॅमसंगच्या नमुन्यास सहा आवृत्त्या व सहा वर्षे सुरक्षा, असे कंपन्यांनी जाहीर केलेले होते. दुकानदार पुष्कळदा दोहोंतील मोठा आकडा तेवढा सांगतो.

माझ्या मनात एक शंका राहिली होती, ती मी बोलून दाखविली. सहा वर्षे प्रणाली ताजी राहील, पण बॅटरी राहील काय? या बॅटऱ्या शेकडो वेळा भरल्या-रिकाम्या झाल्या की क्षीण होत जातात. रोज भरणाऱ्याच्या फोनला तीन-चार वर्षांनी त्याची जाणीव होऊ लागते. म्हणजे सहा वर्षांच्या आश्वासनाचा लाभ घ्यावयाचा तर मध्ये एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च धरून ठेवलाच पाहिजे, आणि ती बदलून देणारे अधिकृत केंद्र आपल्या गावात आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे. लखनौसारख्या राजधानीच्या शहरात दोन्ही कंपन्यांची केंद्रे आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या वाचकाने मात्र ही चौकशी पहिल्याने करावी. कदाचित त्याचा सारा निवाडा तेवढ्यावरच होईल. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांवर एक पट्टी छापणे बंधनकारक केले आहे. बॅटरी किती वेळा भरेपर्यंत टिकेल आणि फोन दुरुस्त करणे कितपत सोपे आहे, हे तीत दिलेले असते. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली. अशी पट्टी आपल्या खोक्यांवर येईल तेव्हा माझ्यासारख्या स्तंभलेखकांचे काम निम्मे कमी होईल, आणि मला त्याचा आनंदच वाटेल.

तिसऱ्या दिवशी धुके उठल्यावर आम्ही तिघे, म्हणजे मावशी, शेजारणीचा नातू व मी, इंदिरानगरहून मेट्रोने हजरतगंजला उतरलो आणि श्रीराम टॉवरमध्ये गेलो. लखनौत फोन घ्यावयाचा म्हणजे या इमारतीत एक फेरी होतेच. दुकानदार मध्यमवयीन, अदबीचा; मावशीला त्याने आधी स्टूल दिले, मग चहा विचारला, आणि मगच कोणता फोन, हे विचारले. मावशीने दोन्ही फोन मागून घेतले आणि डोळे मिटून हातांत धरून पाहिले. सॅमसंगला बोटाचा ठसा घेणारी जागा कडेच्या बटणावर होती. रेडमीला ती काचेखाली. “हे बटण मला न बघता सापडते,” ती म्हणाली. आमच्या पाठकोऱ्या पानावर या गोष्टीला रकानाच नव्हता. मग तिने अक्षरांचा आकार मोठ्यात मोठा करून पाहिला, भाषा मराठी करून पाहिली आणि फोन माझ्या हाती देऊन म्हणाली, “हाच.”

नातवाने रेडमी घेतला. आणि माझ्या मते त्याने अगदी योग्य केले. तो तीन वर्षांनी फोन बदलणारच. चार वर्षांची मुदत त्याला पुरून उरते. दिवसभर बाहेर असतो, तेव्हा बॅटरी झटपट भरणे त्याच्या कामाचे. मित्रांचे फोटो काढतो, तेव्हा स्थिर चित्राची योजनाही त्याच्या कामाची. एकाच दुकानातून, जवळजवळ त्याच पैशात, एकाच दुपारी दोन निराळे फोन बाहेर पडले व दोन्ही निवडी बरोबर होत्या.

पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या, त्या प्रत्येकाने कराव्यात. फोन सुरू करून तारा-चौकट-शून्य-सहा-चौकट अशी बटणे दाबली की पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक येतो. तो खोक्यावरच्या व पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. तसेच ‘केवायएम’ ही अक्षरे रोमन लिपीत लिहून, एक जागा सोडून, पुढे तो क्रमांक १४४२२ या क्रमांकावर संदेशाने पाठविला, म्हणजे फोनची नोंद खरी आहे की काळ्या यादीतील आहे, ते कळते. पावती वस्तू व सेवा कराच्या उल्लेखासह, पक्की घ्यावी. पुढे तक्रार करण्याची पाळी आलीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ क्रमांकावर पहिला प्रश्न पावतीचाच येईल. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे सांगतात, त्यासंबंधी रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. ते कोठे तरी किमतीत किंवा शुल्कात दडलेले असते. मावशीने रोख धनादेश पुढे केला. दुकानदार हसला, पण त्याने तो घेतला. फोन मात्र पैसे वटल्यावर दोन दिवसांनी घरी पोहोचता केला.

म्हणून फोन आला त्या दिवशी मी लखनौत नव्हतो, आणि पुढची फजिती मला पत्राने कळली. गोल तारेसाठी जो जोडतुकडा आम्ही त्याच दिवशी दुसऱ्या एका दुकानातून शंभर-सव्वाशे रुपयांत घेतला होता, तो लावला तर ध्वनिवर्धकातून काही आवाजच येईना. मुली बसलेल्या, मावशी फोनवर बोट ठेवून बसलेली, आणि तंबोरा मुका. दोष फोनचा नव्हता, माझ्या घाईचा होता. असे जोडतुकडे दोन जातींचे असतात. एका जातीत नुसती तार असते. फोनने स्वतःच ध्वनीच्या लहरी बाहेर सोडाव्यात, अशी तिची अपेक्षा असते. दुसऱ्या जातीत एक इवलीशी चिप असते, आणि ती फोनमधून येणाऱ्या आकड्यांचे ध्वनिलहरींत रूपांतर करते. ज्या फोनांतून नुसते आकडेच बाहेर पडतात, त्यांना दुसरी जात लागते. दोन्ही दिसावयास अगदी सारखे. वेष्टनावर ‘डीएसी’ ही रोमन अक्षरे आहेत किंवा नाहीत, एवढाच फरक. नातवाने जाऊन दुसऱ्या जातीचा आणला. बिनतारी ध्वनिवर्धक घ्यावा, असेही त्याने सुचविले होते. मावशीने ते मोडीत काढले. आणखी एक वस्तू रोज भरावयाची, आणि काकांचा ध्वनिवर्धक अडगळीत टाकावयाचा, या दोन्ही गोष्टी तिला नको होत्या.

चार्जर, दोन जोडतुकडे आणि काचेवरचे आवरण धरून वरखर्च दीड हजाराच्या आत-बाहेर झाला. रेडमी घेतला असता तर यातला बहुतेक वाचला असता, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

पुण्याच्या मुलाची समजूत पडावयास वेळ लागला. अखेर असे ठरले की, खाते मावशीच पाहील. मात्र फोनवरून काढता येणाऱ्या रकमेवर बँकेत रोजची मर्यादा घालून घ्यावयाची, दोघांच्या फोनमध्ये सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक जतन करावयाचा, आणि अनोळखी माणसाने बँकेचे, पोलिसांचे किंवा न्यायालयाचे नाव सांगितले तर आधी फोन बंद करून मगच पुण्यास कळवावयाचे. मर्यादेचा अर्ज मावशीने स्वतः भरला, व त्यातील एक शब्द चुकीचा छापलेला आहे म्हणून मला त्याची छायाप्रत धाडली.

२०२५ च्या नोव्हेंबरात एका सकाळी, कार्यालयात मजकूर तपासत असताना, तिचा संदेश आला. हयातीचा दाखला गेला होता. पावतीचे चित्र सोबत जोडलेले होते. खाली तिने लिहिले होते : “उजेड कमी होता म्हणून पहिल्यांदा चेहरा ओळखला नाही, मग खिडकीपाशी बसले. ध्वनिवर्धकाची तार मात्र मुळाशी सैल झाली आहे. इथे तेवढी लांब मिळत नाही. येशील तेव्हा घेऊन ये.”